शिकारी दुर्बीण व मंद प्रकाशातील नेम

शिकारी दुर्बीण म्हणजे रायफलीच्या नळीवर बसवून नेम धरण्यासाठी वापरावयाचा लहान दूरदर्शक. तिच्या नाभीय प्रतलात बारीक तारांची फुली किंवा टोकदार खुंट्या बसविलेल्या असतात. लक्ष्य व फुली ही दोन्ही एकाच अंतरावर असल्यासारखी दिसत असल्याने डोळ्याला मागची खाच, पुढची माशी आणि जनावर या तीन निरनिराळ्या अंतरांवरील वस्तू एकाच वेळी पाहण्याचा खटाटोप करावा लागत नाही. दुर्बिणीचा हा मुख्य लाभ दिवसाही मिळतो. परंतु तिची खरी कसोटी लागते ती सूर्यास्तानंतरच्या व सूर्योदयापूर्वीच्या थोड्या मिनिटांत. कारण सांबर, रानडुक्कर, बिबळ्या व वाघ हे प्राणी याच वेळी अधिक हिंडतात-फिरतात आणि याच वेळी माणसाच्या डोळ्याची शक्ती झपाट्याने घटते. या मिनिटांच्या इतिहासातच शिकारी दुर्बिणीचा बराचसा इतिहास सामावलेला आहे. प्रस्तुत लेखात तो मुख्यतः पूर्वीच्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग, म्हणजे आजचा सांगली जिल्हा व त्यालगतचा सह्याद्री यांच्या संदर्भात दिला आहे.

वाळवा तालुक्यातील आष्टा हे गाव कृष्णा व वारणा या नद्यांमधील सपाट, काळ्या जमिनीच्या पट्ट्यात वसले आहे. येथून पश्चिमेस जावे तसतशी जमीन चढत जाते आणि शिराळ्याच्या पलीकडे चांदोलीचे दाट अरण्य सुरू होते. पूर्वेस खानापूर-आटपाडीकडे उघडी, कमी पावसाची माळराने आहेत. शिकारीच्या दृष्टीने या तीन पट्ट्यांतील प्रकाश एकसारखा नसतो. माळावर सूर्य बुडाल्यावरही आभाळाचा उजेड जमिनीवर पसरलेला राहतो. झाडीत मात्र सूर्यास्तापूर्वीच सावली दाटते, आणि पावसाळ्यानंतरच्या धुक्यात दिवसाही संधिप्रकाशासारखी स्थिती असते. पूर्वी माळावर काळविटांची व सह्याद्रीत वाघ, बिबळ्या, अस्वल, सांबर आणि गवा यांची शिकार होत असे. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करण्याची पद्धती आपल्या संस्थानात वाढविली आणि भाल्याने रानडुकराची शिकारही केली. हे दोन्ही प्रकार भर दिवसाचे, वेगाचे व मोकळ्या मैदानाचे होत. हाक्याची शिकारही उजेडातच चाले. रान उठविणाऱ्या माणसांची सुरक्षितता त्यावर अवलंबून असे. अंधारातील नेमाचा प्रश्न उत्पन्न झाला तो मचाणावरच्या शिकारीत. वाघाने किंवा बिबळ्याने मारलेल्या गुरापाशी, अथवा बांधलेल्या आमिषापाशी, शिकारी झाडावर दडून बसे आणि जनावर बहुधा उजेड संपण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर परत येई.

तोड्याच्या बंदुकीने अशी शिकार करणे अवघड होते. जळत्या तोड्याचा निखारा व वास जनावराला सावध करी. नंतरच्या ठासणीच्या बंदुकीने ती अडचण दूर केली, तरी माशी दिसण्याचा प्रश्न उरलाच. त्यावर देशी शिकाऱ्यांचा तोडगा साधा होता. नळीच्या तोंडापाशी पांढरी चिंधी, कापसाची गुंडी किंवा कागदाचा तुकडा दोऱ्याने बांधीत. इंग्रज बंदूककारांनी श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी हीच कल्पना नटवून मांडली. त्यांच्या दुनळी रायफलींच्या माशीपाशी हस्तिदंताचा अथवा पांढऱ्या मुलाम्याचा एक मोठा मणी दुमडून ठेवलेला असे व चांदण्या रात्री तो उभा करता येई. या सर्व युक्त्यांनी बंदूक दिसू लागे. जनावर मात्र पूर्वीइतकेच अंधुक राही. शिकारी माशी पाहून बार काढी आणि गोळी कोठे लागली ते सकाळी रक्ताच्या थेंबांवरून ठरे.

डोळ्याचे हे अपयश कशामुळे येते, ते येथे पाहणे आवश्यक आहे. दृष्टिपटलावर शंकू व शलाका अशा दोन प्रकारच्या ग्राहक कोशिका असतात. शंकू उजेडात काम करतात व रंग आणि बारकावा दाखवितात. शलाका मंद प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूत, म्हणजे ज्या जागेने आपण एखाद्या वस्तूकडे रोखून पाहतो त्या जागेत, शलाका नसतात. म्हणून पुरेशा अंधारात ज्या जनावरावर नजर रोखावी तेच नाहीसे होते आणि नजर किंचित बाजूला वळविताच ते पुन्हा दिसू लागते. मचाणावर बसलेल्या अनुभवी माणसांना ही गोष्ट शास्त्राचा आधार नसतानाही ठाऊक असे. नवख्यास मात्र जनावर निघून गेले असे वाटे. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञांनी १८२५ मध्ये वर्णिलेला परिणामही येथे लागू पडतो. प्रकाश कमी होत जाईल तसतसा तांबडा रंग आधी काळवंडतो आणि निळसर-हिरवा तुलनेने उजळ राहतो. तांबूस अंगाचे भेकर हिरव्या झुडपापुढे दिवसा उठून दिसते आणि संध्याकाळी त्याच झुडपाच्या सावलीचा भाग होऊन बसते, ते यामुळेच.

रायफलीवर दूरदर्शक बसविण्याचे व्यवहार्य प्रयत्न अमेरिकेत १८४० च्या आगेमागे झाले. त्या दुर्बिणी नळीइतक्याच लांब, अरुंद व नाजूक होत्या. ब्रिटनमध्ये या कामात ज्यांचे नाव प्रथम घेतले जाते ते डेव्हिडसन मुंबई सैन्यातील अधिकारी होते, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांना फारशी परिचित नाही. त्यांच्या पद्धतीच्या दुर्बिणी व्हिटवर्थ रायफलींच्या डाव्या अंगास बसवीत आणि अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील नेमबाजांनी त्या वापरल्या. पण या सर्व दुर्बिणी लांब पल्ल्याच्या दिवसाच्या नेमासाठी होत्या. त्यांचे वस्तुभिंग लहान असल्याने संध्याकाळी त्या उघड्या डोळ्यापेक्षाही निरुपयोगी ठरत.

मंद प्रकाशासाठी खास दुर्बीण घडविण्याचे श्रेय मध्य यूरोपकडे जाते. ऑस्ट्रियातील ऑगस्ट फीडलर यांनी १८८० च्या सुमारास आखूड व व्यवहार्य शिकारी दुर्बीण तयार केली. १८९८ मध्ये व्हिएन्ना येथे काल्स या उत्पादनसंस्थेची स्थापना झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील त्साइस व इतर कारखाने या व्यवसायात उतरले. तेथील जंगलात उंच लाकडी माचावर बसून तिन्हीसांजेस किंवा चांदण्यात रानडुकराची वाट पाहण्याची रीत असल्याने मोठ्या वस्तुभिंगाच्या दुर्बिणींना मागणी होती. या गरजेतून जी मापे रूढ झाली ती अजून टिकून आहेत : ४ × ३२, ६ × ४२, ७ × ५०, ८ × ५६. यांतील पहिला आकडा विवर्धन दाखवितो व दुसरा वस्तुभिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये दाखवितो.

या दोन आकड्यांचा भागाकार म्हणजे नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास होय आणि दुर्बिणीच्या निवडीत त्याला मोठे महत्त्व आहे. ८ × ५६ दुर्बिणीत हा व्यास ७ मिमी. येतो, ६ × ४२ मध्येही तेवढाच, तर ९ × ४० मध्ये सु. ४.४ मिमी. अंधारात तरुण माणसाची बाहुली सु. ७ मिमी. पर्यंत उघडते; साठीच्या सुमारास ती सु. ५ मिमी. च्या पुढे क्वचितच जाते. बाहुलीपेक्षा शलाका रुंद असेल, तर जादा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. त्यामुळे वयस्क शिकाऱ्याने मोठ्या हौसेने घेतलेली ८ × ५६ दुर्बीण प्रत्यक्षात सु. ४० मिमी. वस्तुभिंगाच्या दुर्बिणीइतकेच काम देते आणि रायफलीचे वजन मात्र वाढविते. विवर्धन आणि व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून मिळणारा ‘संधिप्रकाशांक’ जर्मन उत्पादकांनी रूढ केला. ४ × ३२ साठी तो सु. ११.३, ६ × ४२ साठी १५.९ व ८ × ५६ साठी २१.२ आहे. हा आकडा उपयुक्त असला, तरी फसवा आहे. भिंगांच्या काचेची प्रत आणि त्यांतून पार होणारा प्रकाश यांचा त्यात मुळीच विचार नसतो. हलक्या व उत्तम अशा दोन दुर्बिणींचा आकडा तोच येऊ शकतो.

काचेच्या पृष्ठभागाच्या बाबतीत खरी क्रांती १९३५ मध्ये झाली. लेप नसलेल्या प्रत्येक पृष्ठभागावरून सु. ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले, तर शंभर भागांपैकी सहासष्टच भाग डोळ्यापर्यंत पोचतात आणि परावर्तित प्रकाश नळीत भटकून प्रतिमा फिकट करतो. त्साइस कारखान्यातील आलेक्सांडर स्माकुला यांनी भिंगावर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची पद्धती शोधून काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती सर्वत्र पसरली. पुढे अनेक थरांचे लेप आले आणि चांगल्या दुर्बिणीतून सु. ९० टक्के प्रकाश पार होऊ लागला. तरीही दुर्बिणीमुळे दृश्य उजळते ही समजूत चुकीची आहे. कोणतीही साधी दुर्बीण विस्तृत पृष्ठभागाची प्रतिमा उघड्या डोळ्याला दिसते त्यापेक्षा अधिक तेजस्वी करू शकत नाही. ती प्रतिमा मोठी करते. मोठी प्रतिमा अधिक कोशिकांवर पडते आणि म्हणून डोळ्याला आकार ओळखता येतो. दुर्बीण उजेड देत नाही, ओळख देते, एवढा भेद लक्षात ठेवल्यास निवडीतील अनेक चुका टळतात.

फुलीच्या तारांविषयीही असेच आहे. दिवसा अचूक वाटणारी केसासारखी तार संध्याकाळी प्रथम अदृश्य होते. जर्मन दुर्बिणींत खालून वर येणारी जाड टोकदार खुंटी व दोन्ही बाजूंस जाड आडव्या पट्ट्या असत, त्या याच कारणासाठी. कडेला जाड व मध्याजवळ बारीक अशी तारांची जुळणी अमेरिकेतील लिउपोल्ड कंपनीने १९६२ मध्ये बाजारात आणली व ती जगभर स्वीकारली गेली. त्यानंतर मध्यबिंदू विजेरीने तांबडा उजळण्याची सोय आली. पण तो ठिपका जरासा तेजस्वी ठेवला, तरी बाहुली आकसते व मिळविलेले सारे हरवते. बदलत्या विवर्धनाच्या दुर्बिणीत संध्याकाळी विवर्धन वाढविण्याचा मोह होतो. त्यामुळे शलाका अरुंद होते आणि दृश्याचा पसारा घटून झाडीतील जनावर सापडेनासे होते. दाट रानात चौपट ते सहापट विवर्धनापलीकडे जाण्याचे कारण सहसा पडत नाही.

यूरोपातील मोजमाप येथे जसेच्या तसे का लागू होत नाही, याचे कारण भूगोलात आहे. आष्टा सु. १७° उत्तर अक्षांशावर आहे. येथे सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो आणि विषुवदिनी सूर्यास्तापासून सूर्य ६° खाली जाईपर्यंत सु. २२ मिनिटेच लागतात. व्हिएन्नाच्या अक्षांशावर त्याच दिवशी सु. ३१ मिनिटे व उन्हाळ्यात सु. ४० मिनिटे लागतात. ८ × ५६ दुर्बीण जन्माला आली ती त्या लांबलेल्या संधिप्रकाशात. आपल्याकडे उत्तम दुर्बीण साध्या माशीच्या तुलनेत काही मिनिटांचीच भर घालते, आणि झाडीत ती भर आणखी घटते. शिवाय सह्याद्रीतील दमट हवा भिंगांची मोठी वैरी आहे. सांधे पक्के बंद नसलेल्या दुर्बिणीत आत दहिवर धरते आणि एका पावसाळ्यात भिंगांवर बुरशीचे जाळे पसरून लेप कायमचा खरवडला जातो. नळीत नायट्रोजन वायू भरून ती हवाबंद करण्याची पद्धती १९४० नंतरच्या दशकात प्रचारात आली. कोकणकड्याजवळच्या माणसाला वस्तुभिंगाच्या दोन-चार मिलिमीटरांपेक्षा या गुणाचे मोल अधिक आहे.

महाराष्ट्रातील सामान्य परवानाधारकापर्यंत ही साधने फारशी पोचलीच नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात शेतीच्या संरक्षणासाठी दिलेल्या परवान्यांवर बहुधा ठासणीच्या किंवा छऱ्याच्या बंदुका असत. रायफल बाळगणाऱ्यास लष्करी मापाची .३०३ रायफल मिळत नसल्याने सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ रायफल घ्यावी लागे. तिची रचना ली-एन्फिल्ड रायफलीवर बेतलेली असून काडतुसे वरून भरावी लागतात; म्हणून दुर्बीण बसवावयाची, तर बाजूने वेगळा आधार करून घ्यावा लागतो. असा आधार गावच्या लोहाराकडून करून घेतला, तर दहा-बारा बारांनंतर तो सैल होतो व नेम भलतीकडे जातो. त्यापेक्षा डोक्याला किंवा नळीला विजेरी बांधणे लोकांना सोपे व स्वस्त वाटले. विजेरीच्या झोतात जनावराचे डोळे चमकतात व ते थबकते. शिकारीचे हे सोपेपणच वन्य प्राण्यांच्या नाशाचे एक मोठे कारण ठरले; मोटारीतून झोत टाकून होणाऱ्या शिकारीने माळरानावरील काळवीट व ससे यांची जी हानी केली, तिच्यापुढे मचाणावरील शिकार नगण्य होय.

अंधारातील बाराचे खरे मोल जखमी जनावराच्या रूपाने चुकवावे लागे. पोटात किंवा पायात गोळी लागलेला वाघ-बिबळ्या झुडपात जाऊन बसतो आणि सकाळी त्याचा माग काढणारे बहुधा शिकारी साहेब नसून गावातील हाकारे असत. कायमचे अपंग झालेले जनावर स्वाभाविक भक्ष्य मिळेनासे झाल्याने गुरांकडे व क्वचित माणसाकडे वळते. दुसरा धोका ओळखीच्या चुकीचा. तिन्हीसांजेस उसाच्या फडाच्या कडेला हललेली काळी आकृती रानडुकराची आहे, रेडकाची आहे की वाकून पाणी पाजणाऱ्या माणसाची आहे, हे माशीवरून कळत नाही. दुर्बिणीच्या बाजूने करता येण्याजोगा सर्वांत सबळ युक्तिवाद हाच आहे. पण दुर्बीण रायफलीवर असते, आणि ओळख पटविण्यासाठी तिच्यातून पाहणे म्हणजे भरलेली रायफल आधी माणसावर रोखणे होय. म्हणून जाणते शिकारी गळ्यात वेगळी हातदुर्बीण बाळगीत आणि ओळख पटल्याखेरीज रायफल खांद्याला लावीत नसत.

कायद्याने या प्रश्नाचा निकाल टप्प्याटप्प्याने लावला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशू व पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा केला. १९५८ मध्ये कोल्हापूर संस्थानच्या जुन्या शिकारी रानात दाजीपूर येथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. ते महाराष्ट्रातील पहिले होय. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या १७ व्या कलमाने सूर्यास्त ते सूर्योदय या काळातील शिकार, कृत्रिम प्रकाशाचा वापर, वाहनातून केलेली शिकार आणि पाणवठ्यावरची शिकार यांस मनाई केली. भक्ष्यावर परतणाऱ्या मांसाहारी जनावरांपुरता, तोही खास परवान्याने, रात्रीचा व प्रकाशाचा अपवाद ठेवण्यात आला होता. म्हणजे मचाणावरील जुन्या शिकारीला कायद्याने एक लहानशी फट ठेवली होती. १९९१ च्या दुरुस्तीने हे कलमच गाळले गेले, कारण परवान्याने होणारी हौशी शिकारच संपुष्टात आली. आता ११ व्या कलमाखाली माणसाच्या जीवितास अथवा उभ्या पिकांसह मालमत्तेस धोका ठरलेल्या जनावराविषयीच अधिकृत आज्ञा देता येते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबत हा अधिकार केवळ मुख्य वन्यजीव रक्षकास आहे आणि त्या प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नाही अशी त्याची खात्री व्हावी लागते.

या बंधनांमागील विचार किती व्यवहारी आहे, ते विदर्भातील एका प्रकरणाने दाखवून दिले. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूस जबाबदार धरलेली टी-१ उर्फ अवनी ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ गोळीने मारली गेली. बेशुद्ध करण्याचा प्रयत्न आधी खरोखर झाला होता काय, अंधारात वाहनातून बार काढण्याची वेळ का आली, यांविषयी देशभर वाद झाला व राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत कार्यपद्धतीच्या उल्लंघनावर बोट ठेवण्यात आले. सूर्यास्तानंतर बेशुद्धीची मोहीम न करण्याच्या दंडकामागे साधे कारण आहे. औषध भरलेली सुई लागल्यावर जनावर कोसळण्यास काही मिनिटे जातात आणि तेवढ्यात ते अंधारात कोठे गेले हे कळत नाही. दरीत वा पाण्यात पडलेले बेशुद्ध जनावर मरते. अर्धवट गुंगीतील जनावर माणसावर उलटते.

वाळवा व शिराळा तालुक्यांत उसाचे क्षेत्र वाढल्यापासून बिबळ्यांना जंगलाबाहेर बारमाही आसरा मिळाला आहे. फडातच त्यांची पिले जन्मतात आणि ऊसतोडीच्या वेळी ती सापडतात. सायंकाळी रानातून परतणारा शेतकरी आणि शिकारीस निघालेला बिबळ्या यांची वेळ एकच पडते. रानडुकरांचा उपद्रव तर मक्यापासून भुईमुगापर्यंत सर्वच पिकांस होतो. रीतसर परवानगीने डुक्कर मारण्याची तरतूद असली, तरी ज्या वेळी ते पिकात असते त्या वेळी नेम धरता येत नाही व नेम धरता येतो त्या वेळी ते नसते, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. तारेच्या कुंपणात वीज सोडण्याचा जो बेकायदा मार्ग काही जण धरतात त्यात डुकरांबरोबर गुरे व माणसेही मरतात. त्या तुलनेत प्रशिक्षित माणसाच्या हाती असलेली चांगल्या दुर्बिणीची रायफल निश्चितच कमी घातक आहे.

शिकारीच्या रानाचे संरक्षित रान होण्याची प्रक्रिया या जिल्ह्यात १९८५ पासून ठळकपणे दिसते. त्या वर्षी चांदोली व सागरेश्वर ही दोन्ही अभयारण्ये घोषित झाली. देवराष्ट्र्याजवळील सागरेश्वराच्या उघड्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडी वाढविण्यात आली आणि सांबर, चितळ व काळवीट तेथे आणून सोडण्यात आले. चांदोलीस २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला व कोयना अभयारण्यासह २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. याच जिल्ह्यातील माडगुळे गावचे व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांच्यासारखे लेखक बंदूक बाजूला ठेवून निरीक्षणाकडे वळले आणि मराठी वाचकांना रानाची निराळी ओळख झाली. चांदोलीच्या पायवाटांवर आता अवरक्त किरणांचा स्वयंचलित कॅमेरा खोडाला बांधलेला असतो. जनावराच्या अंगाची उष्णता जाणवताच तो छायाचित्र घेतो. त्याला बाहुली नाही, माशी नाही आणि संधिप्रकाशाची मर्यादाही नाही. २०१८ मध्ये या भागातील वाघाच्या अस्तित्वाचा पुरावा अशाच एका कॅमेऱ्याने दिला.